चाचींची इंग्रजी घरं

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक समोर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: मॉडर्न की क्लासिक? मॉडर्न म्हणजे काचा आणि पांढरी खोकी. क्लासिक म्हणजे खांब. खांबांवर आडवी पट्टी, पट्टीवर त्रिकोण आणि त्रिकोणात मालकाला हवी ती नक्षी. दुबईतल्या एका व्हिला डिझाइनच्या ऑफिसात मी कित्येक वर्षं असले खांब काढते आहे. निम्मी कामं अबुधाबीची, खलिफा सिटीतली. खांब सगळे पोकळ. साच्यातून निघतात, ट्रकमधून येतात, बोल्टनं लागतात, आणि भार एकही घेत नाही. एकदा मोठ्या कौतुकानं मुलीला साइटवर नेलं होतं. तिनं खांबावर टकटक केलं आणि म्हणाली, "मम्मा, दिस इज फेक." घ्या! आईच्या आयुष्यभराच्या कामाची वासलात तीन शब्दांत.

पण मला सांगायचंय ते खलिफा सिटीतल्या घरांबद्दल नाही. आम्ही दुबईतच, अल मनखूलमध्ये राहतो, आणि आमच्या खालच्या मजल्यावर चाचा-चाची राहायचे, त्यांच्याबद्दल सांगायचंय. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो. कुणाचा, ते मला नीट सांगता येणार नाही.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. पोरसवदा वयात इथे आले आणि बर दुबई भागातल्या एका बोळात फ्रेमिंगचं दुकान टाकून बसले. फोटो, कुराणातल्या आयती, नकाशे, काय वाटेल ते फ्रेम करून देत. शिवाय त्यांचा एक जोडधंदा होता. इथली नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या इंग्रज कुटुंबांकडून ते जुनी चित्रं विकत घ्यायचे आणि हॉटेलवाल्यांना विकायचे. "इंग्रज जाताना भांडी नेतो, कुत्रा नेतो, आणि बापाची चित्रं मला देतो," असं म्हणून स्वतःच हसायचे. मला ते बेटा म्हणत. चाची मात्र अस्सल गावाकडचं, गो बाय.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा दारातच थबकले. हॉलच्या एका भिंतीवर इंग्लंडमधली खेड्यापाड्यांतली बड्या लोकांची घरं टांगलेली होती. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून, शाई भरून, दाबून छापलेली अस्सल जुनी चित्रं. जवळ जाऊन पाहिलं तर कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब स्पष्ट दिसत होता. खाली मालकाचं नाव, एका कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, आणि काहींवर फुटांची मोजपट्टीसुद्धा. आर्किटेक्चरच्या कॉलेजात असली चित्रं मी पुस्तकात टिकलीएवढी छापलेली बघितली होती. इथे ती एका कोकणी बाईच्या हॉलमध्ये, खाली सोफ्यावर क्रोशाचे रुमाल, आणि शेजारी मक्केचं कॅलेंडर.

"चाची, ही कुणी लावली?"

"मीच. तुज्या चाचाला इकू देत नाय मी. दुकानात नवीन आली की आधी मला दाखवायची, मग बाकीच्यांना."

मग काय विचारता! मी व्याख्यानच दिलं. ही घरं मुळात अशी नव्हती, असं मी त्यांना सांगितलं. आत जुनं विटांचं घर, वाकडंतिकडं, उतरत्या छपरांचं, धुराड्यांचं. मग मालकाकडे पैसा आला, नाहीतर मालकाचा मुलगा इटलीत जाऊन जुनी देवळं बघून आला, की घर जुनाट वाटायला लागायचं. पाडायला जीव धजत नसे. मग पुढून दगडाचा नवा मुखवटा चढवायचा. खांब, त्रिकोण, खिडक्यांच्या सारख्या रांगा. आत जिना आडवा येत असला तर त्या जागी खोटी खिडकी, नुसती खाच आणि काळा रंग. मागे स्वयंपाकघराच्या बाजूला मात्र तीच जुनी वीट. आणि पैसा कुठला, तर काही जणांचा सरळ आपल्या हिंदुस्थानातून नेलेला. म्हणजे खांब त्यांचे आणि खर्च आपला!

चाची मान हलवत ऐकत होत्या. "हां का? बरं बरं," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

पुढे एक दिवस चाचांनी मला दुकानात बोलावलं. गिऱ्हाईक नाही असं पाहून खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज खाली आणला. वर्षभरात दुकान पुतण्याच्या हवाली करून दोघं कायमची गावी जाणार होती. गावी त्यांचा बंगला होता, आखातातल्या पहिल्या पैशांतून बांधलेला, सपाट स्लॅबचा, लोखंडी ग्रिलचा.

"तुज्या चाचीला असला घर पायजे," ते म्हणाले. "चित्रातला. ती बोलत नाय, पण मला कळतं. एवढी वर्षं भिंतीवर लावून बघत बसते, ती उगाच काय? मी तिला तसलाच करून देणार. पुढून फक्त. तू चाचीला म्हणालीस ना, इंग्रजानं पण पुढूनच केला?"

"पुढूनच. मागे विटा."

"मग चाललं! आणि चाचीला काय सांगायचं नाय हां. सरप्राइज. गाडी गेटात शिरली की एकदम बघेल."

मला खरंच भरून आलं. एवढ्या वर्षांत मी पैसेवाल्यांना खांब विकले होते, प्रेमापोटी खांब मागणारा हा पहिलाच माणूस. मी हो म्हटलं. फी कसली घेणार? रोज जिन्यात भेटणारी माणसं.

चाचा 'काच साफ करायला नेतो' म्हणून भिंतीवरचं एक चित्र दुकानात घेऊन आले. चाचींचं आवडतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते ऑफिसात स्कॅन केलं. असल्या चित्रावरून काम करायची आमची पद्धत ठरलेली आहे. आधी आकाश पुसायचं, मग झाडं, मग पुढच्या हिरवळीवर काढलेली किडूकमिडूक: कुत्री, घोडागाडी, माणसं. ती माणसं चित्रकार नुसती मापासाठी आणि शोभेसाठी टाकतो. आपल्याला हवं घर. सगळं साफ झालं की उरलेल्या रेघा कंप्युटरवर पुन्हा ओढायच्या आणि प्रमाणात बसवायच्या. खांबाची जाडी आणि उंची, दोन खांबांमधली फट, त्रिकोणाचा उतार. त्या जुन्या लोकांची नजर म्हणजे नजर हो! स्लॅबच्या बंगल्यावर ते प्रमाण बसवताना माझा घाम निघाला, पण बसलं. इतकं मन लावून मी खलिफा सिटीतल्या कुठल्या शेठसाठी काम केलं नसेल.

गावाकडे काम सुरू झालं. कॉन्ट्रॅक्टर व्हिडिओ पाठवायचा आणि चाचा दुकानात बसून मला दाखवायचे. ग्रिल गेलं, पायऱ्या आल्या, खांब चढले. तिकडे चाची मात्र रोज विचारत, चित्र कधी आणताय? एवढी काच साफ करायला लागते काय? भिंतीवरची मोकळी जागा त्यांना खुपत होती. चाचा मला डोळा मारून म्हणायचे, "बघितलंस? किती जीव आहे त्या घरावर!"

एकदा मी दुकानात असतानाच कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. रस्त्यावरून खांब दिसत नव्हते. गेटपासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी पोफळी होत्या, चाचांच्या वडलांनी लावलेल्या. खांब त्यांच्या आड जात होते.

चाचांनी मला विचारलं, "बेटा, चित्रात घरापुढं झाडं आहेत?"

"नाहीत. पण चाचा, चित्रकार घर दिसावं म्हणून झाडं गाळतो. तिथे खरोखर नसतात असं नाही."

"पण चित्रात नाहीत ना?" ते म्हणाले, आणि फोनवर सांगितलं, "काढून टाक. घर मोकळा दिसला पायजे."

मी म्हटलं, थोडं थांबा, सावली जाईल. त्यांनी हात हलवला. "सावली काय, एसी आहे." खलास. पुढच्या आठवड्यातल्या व्हिडिओत अंगण उघडं पडलं होतं आणि खांब लांबूनही लख्ख दिसत होते. खरं सांगते, दिसत होते सुरेख.

मग एक दिवस दुपारी चाची वर आल्या. हातात झाकलेली ताटली, सांदणं केली होती. मी घरूनच काम करत होते आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा. त्यावर त्यांच्याच घराची दर्शनी बाजू, गेटचं काम बाकी होतं त्यासाठी काढलेली. मी झाकेपर्यंत चाचींनी बघितलं होतं. फ्रेमवाल्याची बायको ती, चित्र ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार!

"हा माजा फोटो," त्या म्हणाल्या. मग स्क्रीनजवळ वाकल्या. "आनि ती दोघं कुठं गेली?"

"कोण दोघं?"

"ती गो. हितं असतात. तो नि ती."

मला खरंच आठवेना. पुसलं असेल काहीतरी. चाचींनी ताटली ठेवली, माझं मनगट धरलं आणि मला खाली नेलं. हॉलच्या भिंतीपुढे उभं केलं आणि एकेका चित्रावर बोट ठेवत गेल्या. घरावर नाही. घराच्या खाली, हिरवळीवर.

प्रत्येक चित्रात दोन माणसं होती. बोटाच्या पेराएवढी. एक बाप्या, एक बाई, आणि दोघं शेजारी शेजारी चालत निघालेली. एकात तिच्या हातात छत्री. एकात तो काठीनं लांबचं काहीतरी दाखवतोय आणि ती मान वर करून त्याचं ऐकतेय. एकात दोघांची तोंडं दोन दिशांना. "ही भांडलीत," चाची म्हणाल्या, "पन चालतायत बरोबरच, बघ." एकात ती पाठमोरी, अगदी घराजवळ पोचलेली. "ह्ये लय लांबून फिरून आलेत. ज्यात ही दोघं नसतात ना, त्यो फोटो मी ठेवत नाय. तुज्या चाचाला म्हणते, न्या, इका."

मी त्याच भिंतीपुढे उभं राहून खांबांवर व्याख्यान दिलं होतं. शिकलेली बाई, आणि माझ्या डोळ्यांना ती माणसं एकदाही दिसली नव्हती. माझ्या कामात ती पुसायचीच असतात ना!

"आणि घर, चाची? घर नाही आवडत?"

"घर काय," त्या म्हणाल्या, "हाय मागं."

मग बोलता बोलता त्यांनी मला सांगितलं. त्यात तक्रार अशी नव्हती. चाचा सकाळी दुकानात जायचे ते जेवायला यायचे आणि परत जायचे. शुक्रवारी नमाज झाली की पुन्हा दुकान. सुट्टीत गावी गेलं तरी माणसांची रीघ, कुणाला नोकरी पाहिजे, कुणाला व्हिसा. "मी म्हनते, आता कायमचे जाऊ, तेव्हा सांजची मगरीबची नमाज झाली की गेटापासून घरापर्यंत पोफळींखालून जरा चालायचं. दोघांनी. ह्या टोकाचं त्या टोकाला, नि परत. बास."

"तुम्ही चाचांना कधी म्हणालात?"

"सांगायचं काय त्यात गो? लाज नाय वाटत?"

सरप्राइज गेलं चुलीत, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. घराचा पुढचा भाग, खांब, पायऱ्या. चाची ऐकत राहिल्या. तोंडावर हात घेऊन हसल्यासुद्धा. "माज्यासाठी? येडा हाय मानूस." मग माझ्याकडे बघून थांबल्या, कारण मी हसत नव्हते.

"पोफळी हायत ना?" त्यांनी विचारलं.

"तोडल्या," मी म्हटलं. त्या माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "जा, सांदनं गार होतील. खाऊन घे." आणि आत गेल्या.

मी खाल्ली नाहीत. सरळ दुकान गाठलं. मला इतका संताप आला होता की रस्त्यात भेटलेल्या दोन ओळखीच्या बायकांशीही मी धड बोलले नाही. चाचा कुवेतच्या एका नकाशाला काच बसवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता.

ते हातातली काच तशीच धरून उभे राहिले. "फिरायचं?" ते म्हणाले. "तिला फिरायचं होतं?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही विचारलंत का?"

त्यांनी काच टेबलावर ठेवली, जपून, मऊ कापडावर. "बेटा, पण हे तर इथं पण करता आलं असतं. आपल्या बिल्डिंगीपासून क्रीक किती लांब आहे?"

"चालत जाण्याएवढीच आहे, चाचा," मी म्हटलं. "पहिल्यापासून तेवढीच आहे." बोलले आणि लगेच वाटलं, कशाला बोलले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

त्या शुक्रवारी चाचांनी नमाजनंतर दुकान उघडलंच नाही. ऊन उतरल्यावर खालून चाचींची हाक आली, "गो बाय, तू पन चल. मला कसंतरी वाटतं." नवरा-बायकोनं फिरायला जायचं तर तिसरं माणूस कशाला, असं मी म्हणणार होते, पण चाचींनी ठेवणीतला अबाया घातला होता, चाचांनी इस्त्रीचा शर्ट, आणि दोघं जिन्यात अशी अवघडून उभी होती की मी चपला घालून निघाले.

क्रीक म्हणजे दुबईच्या मधून गेलेली खाडी; तिच्या कडेनं फरसबंदी रस्ता आहे. हिवाळ्याची संध्याकाळ, गर्दी भरपूर. फिलिपिनो जोडपी, बाबागाड्या, आइस्क्रीम खात चाललेले गोरे पर्यटक. पाण्यात आब्रा, म्हणजे इथल्या लाकडी होड्या, इकडून तिकडे जात होत्या. मी मुद्दाम मागे राहिले.

चाचा निघाले आणि पंधरा पावलांत पुढे गेले. ते नेहमी असेच चालत. विमानतळावर पासपोर्ट घेऊन ते पुढे, पिशव्या घेऊन चाची मागे. बाजारात ते पुढे, चाची मागे. गावच्या दगडी गडग्यांमधल्या अरुंद वाटेवर तर दुसरं काही शक्यच नाही. त्यांच्या ध्यानात आलं तसे ते थांबले आणि मागे वळले. पण ते थांबले की चाचीही थांबायच्या, आपण होऊन, तेवढंच अंतर राखून. चाचा हात करत, ये. चाची पुढे येत. चाचा चालायला लागत, आणि पुन्हा तेच. दोघांपैकी कुणीही मुद्दाम करत नव्हतं. पायच तसे पडत होते.

"हळू चाला की चाचा," मी मागून म्हटलं.

"हळूच चाललोय गो!" ते रडकुंडीला येऊन म्हणाले. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. चाचींना म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो."

चाची पुढे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. समोर कुणाची पाठ नाही म्हटल्यावर त्यांना कुठं जायचं तेच कळेना. जरा चालायच्या आणि वळून बघायच्या, हे येतायत ना. चाचा मागून येत होते, पण आता त्यांनाच धाप लागायला लागली होती. आयुष्य दुकानात उभं राहून काढलेलं, गुडघे आधीच कामातून गेलेले. कठड्याशी एक बाक होतं. तिथे ते बसले. बाकाच्या उरलेल्या जागेवर एक बाई बाळाला घेऊन बसली होती, ती सरकली नाही. चाची बाकापुढे उभ्या राहिल्या.

समोरून एक म्हातारं जोडपं गेलं, युरोपातलं कुठलं तरी, एकमेकांच्या दंडात हात अडकवून, एका लयीत. चाचींनी त्यांना पार दिसेनासे होईपर्यंत बघितलं. चाचांनीही बघितलं. मग ते मान खाली घालून म्हणाले, "मला येत नाय गो तसं."

"मला तरी कुठं येतं," चाची म्हणाल्या.

मला रडू आवरेना, म्हणून मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागे चाचींनी चाचांचा शर्ट झाडल्याचा आवाज आला. बाकाची धूळ लागली होती.

"चला अवो घरी," त्या म्हणाल्या. "बघितलं फिरून."

चाचा उठले आणि निघाले. सवयीनं पुढे. चाची त्यांच्या पाठीकडे बघत मागोमाग.